लोण्याच्या वासाची पिल्सनर

थंडगार असली की बिअर चांगली, असं कुणी म्हणालं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. अरे बाबा, बर्फासारखी थंड केलीस तर जीभ बधिर होणार, मग चांगलं काय आणि वाईट काय! खराब बिअर खपवायची असली की ती अशीच देतात, गोठवून. ज्याला खरंच चव बघायचीय त्याने ग्लास जरा वेळ टेबलावर राहू द्यावा, आधी नाक घालावं, मग घोट घ्यावा आणि तो गिळावा. वाइन चाखणारे थुंकतात, आम्ही थुंकत नाही, कारण बिअरचा कडूपणा घशाशी गेल्यावर कळतो. हे मी कितीदा सांगितलं असेल. पण ऐकतो कोण?

आणि पिल्सनरला कुणी ‘साधी बिअर’ म्हणालं तर मी भांडायलाच उठते. दिसायला साधी आहे, कबूल. फिकट सोनेरी, ग्लासाच्या पलीकडचं वर्तमानपत्र वाचता येईल इतकी स्वच्छ. पण गव्हाच्या बिअरमध्ये काही चुकलं तर संत्र्याची साल टाकता येते, काळ्या बिअरमध्ये कॉफी टाकता येते. पिल्सनरमध्ये टाकायला आणि झाकायला काहीच नसतं. पाणी, बार्लीचं माल्ट, कडूपणासाठी हॉप्सची फुलं आणि यीस्ट, संपलं. वरणभातासारखं आहे ते. मीठ चुकलं की चुकलं.

मी दापोड्याची. आमच्या भाताच्या खाचरांवर आता गोडाऊनं उभी आहेत. त्यातलं एक माझ्या काकाचं, म्हणजे बाबांच्या धाकट्या भावाचं, आणि ते एका छोट्या बिअर कंपनीने भाड्याने घेतलंय. मी मायक्रोबायॉलॉजी घेऊन बीएस्सी झाले तेव्हा काकानेच कंपनीच्या मालकांना सांगितलं, “आमची पोर हाय, लॅबमदे घ्या.” लॅबमध्ये नेमकं काय करतात हे त्याने विचारलं नाही. मी बिअर तपासायला लागले, मग चाखायला शिकले, मग बनवायला शिकले, आणि घरात कुणाच्या ते लक्षात येईपर्यंत मी दिवसभर टाक्यांपाशीच असायचे.

मग घरात एक गोष्ट ठरून गेली. मी औषधांच्या कंपनीत आहे! स्थळ घेऊन कुणी आलं की काका स्वतः सांगायचा, “औषदांचे कंपनीन हाय, सायबीन हाय.” आई चहाचा ट्रे धरून मान डोलवायची. बाबा काकाच्या शब्दापुढे जात नाहीत. हाच काका गावातल्या प्रत्येक हळदीत बिअरच्या पेट्या उतरवून घ्यायला सगळ्यांच्या पुढे असायचा. आमच्याकडे हळदीत पेट्यांशिवाय पान हलत नाही. बिअर प्यायची, पाजायची, नाचायचं, आणि ती बनवणारी पोरगी मात्र औषधांच्या कंपनीत. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा, पण मी गप्प बसायचे.

गप्प बसायचं संपणार होतं. मालकांना आम्ही सर म्हणतो. त्यांनी मला एक टाकी दिली आणि म्हणाले, “ही तुझी. माल्ट तू निवड, हॉप्स तू निवड, मी ढवळाढवळ करणार नाही. तयार झाली की चाखायला बसू. पास झाली तर इथली ब्रूअर तू. नाही झाली तर बेंगळुरूचा एक मुलगा विचारतोय, त्याला बोलावतो.” ब्रूअर म्हणजे बिअर बनवणारं मुख्य माणूस. आमच्याकडे बाटलीच्या लेबलवर त्याचं नाव छापतात. लेबलवर माझं नाव आलं असतं, आडनावासकट. मग सांगा म्हणावं औषधांची कंपनी! मला ते नाव त्या बाटलीवर हवं होतं, दुसरं काही नको होतं.

मी पिल्सनर निवडली. सर हसले, म्हणाले, “सगळ्यात अवघड तीच घेतलीस.” पिल्सनर आंबून झाली की महिनाभराच्या वर तिला गोठणबिंदूच्या आसपास निजवून ठेवावं लागतं. त्यासाठी टाकीभोवती गार पाणी फिरवणारं यंत्र असतं, चिलर, ते रात्रंदिवस घरघरत असतं. त्या काळात घाई करायची नाही, हात लावायचा नाही. शेवटच्या आठवड्यात मी नळातून जराशी काढून चाखली. फेस ग्लासाला चिकटून राहिला. वास आला तो पावाच्या कडेचा, आणि त्याच्या मागून पातीचा चहा आणि मिरी यांच्या मधला कसलातरी हिरवा वास. कडूपणा आला आणि गेला, कारल्यासारखा घशात बसून राहिला नाही. मी एकटीच उभी होते आणि मोठ्याने म्हणाले, “जमलं की गं!” त्या दिवशी मी खूप खूश होते.

त्याच आठवड्यात काकाच्या मुलाची, माझ्या चुलतभावाची हळद होती. मांडव घातला होता गोडाऊनच्या समोरच्याच मोकळ्या जागेत. आमच्याकडे लग्नापेक्षा हळद मोठी असते. दुपारी धवलारीण लग्नाची गाणी म्हणत होती तोवर ठीक होतं, मग डीजे सुरू झाला आणि शेजारच्या बाईचं बोलणंही ऐकू येईना. मधेमधे डीजे थांबवून काका माइक हातात घ्यायचा. आमच्याकडे हा मान असतो, कोण आलं, कुणी काय आणलं, ते माइकवरून सांगायचं. मामांकडून फ्रिज. आत्यांकडून कपाट. वाड्यातल्या भाऊंकडून थंड्याची सोय. थंडा म्हणजे बिअरच्या पेट्या, हे काय सांगायला हवं का! काका एकालाही विसरला नाही. मी हळदीने पिवळी होऊन ताटं फिरवत होते. एरवी गोडाऊनच्या पत्र्यातून चिलरची घरघर बाहेर ऐकू येते, पण त्या डीजेपुढे ती आहे की नाही हे कळायला मार्ग नव्हता.

दुसऱ्या दिवशी लग्न झालं, सगळे हॉलवर होते; दोन्ही दिवस कंपनीला सुट्टी होती. तिसऱ्या दिवशी सकाळी मी ड्युटीवर गेले तर आत शुकशुकाट. घरघर नाही. विजेच्या पॅनलमधून एक जाड वायर निघून, खिडकीतून बाहेर, थेट मांडवात गेली होती, आणि चिलरचा खटका खाली पाडलेला होता. डीजेवाल्याच्या इलेक्ट्रिशियनला सगळ्यात जास्त लोड उचलणारी लाइन हवी होती, ती त्याला सापडली होती. वॉचमन हात जोडून म्हणाला, “शेठने खुद बोला मॅडम, मैं क्या बोलता?” मी टाकीवरचा तापमानाचा आकडा बघितला आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. वैशाखातल्या पत्र्याच्या गोडाऊनमध्ये माझी पिल्सनर दोन दिवस कोमट होत बसली होती.

मी तशीच मांडवात गेले. काका खुर्चीवर बसून चहा पीत होता, भोवती राहिलेले पाहुणे होते.

“काका, गोडाऊनची लाईट कुणी घेतली?”

“मी. आपला मीटर डीजेचा लोड घेत नव्हता. का गो? काय झाला?”

“आत माझी बिअर होती!”

“मंग? पलून गेली का? हायेच ना टाकीन.”

“खराब झाली असेल ती. कोमट झाली.”

काका हसला. “बिअर कंदी खराब होतं का गो? परत थंड कर, झाला. आन् जागा आपली हाय. आपले जागेन आपण वायर लावली तं तू मना जाब इचारतंस?”

“जागा तुझी आहे काका, टाकी तुझी नाही. एकदा मला विचारायला काय झालं होतं? मी तिथेच ताटं फिरवत होते ना!”

माझा आवाज चढला होता. काकाने इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणून म्हणाला, “हलू बोल. पावनं हायत. बाईमानसानी चारचौघान बिअर बिअर काय करायचा?”

त्याच्या खुर्चीमागे रिकाम्या पेट्यांची चळत माणसाच्या उंचीएवढी होती. मी त्या चळतीकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं, आणि तडक गोडाऊनमध्ये गेले. मी चिलर चालू केला आणि घरी न जाता तिथेच बसून राहिले.

सोमवारी चाखायला बसलो. सर, सेल्सचा माणूस आणि मी. पांढऱ्या कागदावर ग्लास ठेवले, सोबत पाणी आणि साधा पाव. टाकी पुन्हा थंड झाली होती, पण ग्लासात बिअर धूसर होती, खाली बसलेलं यीस्ट उठून वर आलं होतं. मी नाक घातलं. लोणी! सिनेमागृहातल्या पॉपकॉर्नवर ओततात तसलं लोणी. पिल्सनर वेळेआधी तापली की हा वास सुटतो, आणि तो आला की पातीचा चहा, मिरी, पावाची कड, सगळं त्याच्याखाली गाडलं जातं. घोट घेतला तर जिभेवर तेलकट थर बसला. मी तो घोट गिळला, कारण गिळायचा असतो.

सेल्सचा माणूस मात्र खूश. “अरे वा, बटर फ्लेवर! हे तर लोकांना आवडेल.”

“ही चूक आहे,” मी म्हणाले.

“मॅडम, धामणकर नाक्यावरच्या बारमध्ये कुणाला कळणार आहे? चिल्ड द्यायची.”

“मला कळतंय ना!” मी टेबलावर हात आपटला, ग्लास हिंदकळला. “नाक्यावरचा माणूस पैसे मोजून पितो, त्याला नाक नाही का? त्याच्या गळ्यात आपली घाण का मारायची?”

सरांनी दुसरा घोट घेतला. त्यांना कळलं होतं, चेहऱ्यावर दिसत होतं. ते सावकाश म्हणाले, “बटर आहे. पण थोडं आहे. तुझी काहीच चूक नाही यात, मला माहितीय. मी पास म्हणतो. तू पास म्हण, आणि विषय संपव.”

“लेबलवर नाव कुणाचं जाणार सर?”

“तुझं.”

“मग नापास.”

सरांनी ग्लास खाली ठेवला. मग म्हणाले, “ऐन सीझन आहे, मी थांबू शकत नाही. त्या मुलाला बोलवावं लागेल.” मी म्हणाले, “बोलवा.” आणि बाथरूममध्ये जाऊन रडले. दुःखाने नाही, संतापाने. एका डीजेपायी! माझी एवढी मेहनत कुणाला नाचायचं होतं म्हणून गेली, आणि ज्याने घालवली त्याला ती गेल्याचं कळलंसुद्धा नव्हतं. मी तोंड धुतलं आणि बाहेर आले.

टाकी रिकामी करायची तर एक्साइजची परवानगी लागते, ती सरांनी काढली. कुठून कोण जाणे, बातमी काकापर्यंत गेली. तो थेट टाकीपाशी आला, लग्नासाठी शिवलेला नवा सदरा अंगावर.

“फेकताव तं आमाला द्या की. उद्या मटणाचा जेवण हाय मांडवान, भाऊबंद येतील. आमाला चालते.”

सर माझ्याकडे बघायला लागले. जागामालकाला नाही म्हणायची त्यांची छाती नव्हती. “तू ठरव,” ते म्हणाले, “कागदपत्रांचं मी बघतो.”

मी नळावर हात ठेवला. “देते काका. अख्खी टाकी देते. पण उद्या माइकवर सांगायचं. ही बिअर माझ्या पुतणीने बनवली. फ्रिज कुणी आणला सांगितलंस, कपाट कुणी आणलं सांगितलंस, तसंच.”

“येडी हायस का?”

“आणि हेही सांग की ती चांगली झाली होती, तू लाईट काढलीस म्हणून बिघडली. नको, ते राहू दे. तेवढं पहिलंच सांग. एक वाक्य.”

काका टाकीकडे बघत राहिला, मग सरांकडे, मग सेल्सच्या माणसाकडे. भाऊबंदांना पोट फुटेस्तोवर पाजायला मिळणार होतं, ते त्याच्या डोळ्यांत दिसत होतं. पण शेवटी पुटपुटला, “तुझ्या लग्नाचा बगायचा हाय अजून. लोकं काय म्हनतील?”

मी नळ उघडला. बिअर लादीवर पडली, फेस उसळला आणि दाराबाहेरच्या गटाराकडे धावायला लागला. मी काकाच्या तोंडाकडे बघत होते. ‘सांगतो’ एवढं जरी म्हणाला असता तरी मी नळ बंद केला असता, देवाशपथ केला असता. तो बघत राहिला. टाकी अर्धी झाली, पाव झाली, आणि लोण्याचा वास गोडाऊनभर पसरला.

मग तो बोलला. “दार लाव गो. गटार मांडवाकं जातं. पावन्यांना वास येल.”

मी दार सताड उघडं ठेवलं.