शेणकिड्यांचे सर

आमच्या थोरल्या साडूंइतका शिकलेला माणूस इतक्या निष्ठेने शेणामागे गेलेला मी उभ्या सातारा-सांगलीत दुसरा पाहिलेला नाही. हे मी अलंकारिक बोलत नाही. विश्रामबागेतल्या एका शाळेत ते विज्ञान शिकवायचे आणि उरलेलं आयुष्य शेणकिड्यांना द्यायचे. शेणाचा गोळा मागच्या पायांनी ढकलत नेणारा तो काळा भुंगा आपणही पाहतो आणि विसरतो. साडूंनी तीस वर्षं दुसरं काही पाहिलंच नाही. त्यांच्याआधी आमच्या भागात या प्राण्याची नोंद कुणी केली नव्हती, असं ते अभिमानाने सांगत. का केली नव्हती, हा प्रश्न त्यांना कधी पडला नाही. माणसाला छंद असावा, पण त्यात निदान नाक तरी मोकळं राहावं, हे मी त्यांना वेळोवेळी ऐकवलेलं आहे.

रस्त्यात म्हैस थांबली की यांची स्कूटर थांबायची. मागे रिक्षावाला शिव्या देतोय, माझी मेव्हणी पदराने तोंड झाकतेय, आणि हे भर चौकात उकिडवे, डोळ्याला भिंग. माझ्या मुलीच्या साखरपुड्याला तर यांनी कहर केला. येताना वाटेत ‘चांगला नमुना’ मिळाला म्हणून तो पेढ्यांच्या रिकाम्या खोक्यात घालून आणला आणि खोकं ठेवलं नेमकं व्याह्यांपुढे. व्याह्यांनी झाकण उघडून हात घातला. साडू किंचाळले, “सावकाश! मादी आहे!” लग्न मोडलं नाही, पण व्याह्यांनी आमच्याकडे पुन्हा पेढा खाल्ला नाही.

या माणसाचा एक सिद्धान्तही होता. गुरांना जंताचं इंजेक्शन टोचतात, त्यातलं औषध शेणात उतरतं आणि शेणकिडे मरतात. किडे गेले की शेण जमिनीत मुरत नाही, आणि जमीन उपाशी राहते. हे सांगायला ते शिराळ्याजवळच्या एका गावात गेले. गाडी माझी, म्हणून मीही. सगळं ऐकून एक म्हातारा उठला. “सर, गाय जगवू का किडा, येवढंच सांगा.”

सगळे हसले. सगळ्यांत मोठ्याने मी.

“दोन्ही जगतील,” साडू म्हणाले. “पावसाळ्यात किडे बाहेर असतात, तेवढे महिने सरसकट टोचू नका. आजारी जनावराला द्या.” तेवढ्यात चहा आला आणि सभा संपली. परतीच्या वाटेवर मी म्हाताऱ्याच्या आवाजात त्यांना पुन्हा तोच प्रश्न विचारला. ते खिडकीबाहेर म्हशी शोधत राहिले.

मग काचबिंदूने त्यांचे डोळे नेले. आधी एक, वर्षभरात दुसरा. मेव्हणी म्हणाली, आता तरी घरात बसतील. पण गेल्या श्रावणात त्यांचा फोन आला. “आटपाडीला न्याल का? तिथली नोंद राहिलीय.” मी बरंच बडबडलो आणि नेलं.

तिथे एक मेंढपाळ होता, आता गाई राखणारा. दरसाल साडू त्याच्याच माळावर मोजणी करायचे. “या सर,” तो म्हणाला, “लय दिसांनी.” साडू बाभळीखाली बसले, वही आणि भिंग माझ्या हातात दिलं. मी गुडघे मोडून शेणाच्या एका पोवापाशी बसलो. काडीने उकरलं. दुसरा पो बघितला, तिसरा बघितला. एकही किडा नव्हता. मेंढपाळ तोंड उघडणार, तोच मी त्याला हाताने गप्प केलं.

“आहेत की,” मी म्हणालो. “चार-पाच आहेत.”

“नर आहे का त्यात? शिंगं?”

“आहेत. एकाला.”

साडूंनी हात पुढे केला. मी पो त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी तो चाचपला, मोडला, नाकाशी नेला.

“अहो, हा आठवड्याचा पो आहे. जसाच्या तसा. किडे असते तर दोन दिवसांत याची माती झाली असती.” आवाजात राग नव्हता. शाळेत चुकलेलं गणित समजावून सांगावं, तसं ते बोलले. “लिहा. शून्य.”

मी लिहिलं. आधीच्या पानांवर त्यांच्या बारीक अक्षरात आकडे होते, साल उलटेल तसे उतरत गेलेले. साडू हात पुसून मेंढपाळाला त्याच्या नातवंडांची नावं विचारत बसले. मी वही मिटली नाही. उठून पुढच्या पोवाकडे गेलो. त्यांनी सांगितलं नव्हतं.