कँटीनमधला शिमगा

आश्रमशाळेत शेवटचं ताट वाढून झाल्याशिवाय पहिला घास कुणी घ्यायचा नाही, असा नियम होता. पहिलीपासून असं जेवल्यावर सवय हाडात मुरते. जर्मनीत विद्यापीठाच्या कँटीनमध्ये पहिल्या दिवशी मी ट्रे घेऊन बसले आणि सगळ्यांना वाढून होण्याची वाट बघत राहिले. आता त्या अवाढव्य हॉलात शेवटचं ताट कधी वाढून होणार? लोक येत होते, गिळत होते, उठत होते. शेजारच्या मुलीने विचारलं, जेवणात काही खराब निघालं का? शेवटी मी खायला लागले, पण चोरी केल्यासारखी.

तिथे पूर्ण जेवण मला परवडलं असतं. शिष्यवृत्ती होती. पण मला शिमग्याला घरी जायचं होतं आणि विमानाचं तिकीट पोटातूनच निघणार होतं. म्हणून मी नुसती तोंडीलावणी घ्यायचे. उकडलेले बटाटे, नाहीतर भात, आणि त्यावर फुकटचा तपकिरी रस्सा. कधी मसुरीचं सूप. त्यात तिथले लोक वरून व्हिनेगर ओततात. विटलेल्या डाळीचा वास कुणी हौसेने आणत असेल, हे गावी सूर्यमाळला बसून मला कधी पटलं नसतं. संध्याकाळी कँटीन बंद, त्यामुळे दोन वेळचं एकदाच पोटात ढकलायचं.

तक्रार करायची तरी कुणाकडे? आमची भूक बघायला मंत्र्यांच्या गाड्या येऊन गेल्यात. माझी आय दिवाळी झाली की बाबांबरोबर भिवंडीकडे वीटभट्टीवर जाते. कामासाठी गाव सोडण्याला आमच्याकडे 'जगायला जाणं' म्हणतात. तिला काय सांगू, खुर्चीवर बसून बटाटे खायचा कंटाळा आला म्हणून? व्हिडिओ कॉलवर ती आधी ताट दाखवायला लावायची. "भरलाय गं ताट. खा पोटभर," म्हणायची. मी खायचे, आणि त्या उबदार, काचेच्या हॉलात माझा जीव घुसमटायचा. सगळं सोडून परत जायची सोय नव्हती. निघताना अख्खा पाडा मोखाड्याच्या स्टँडपर्यंत ढोल वाजवत आला होता. ढोल वाजवून पाठवलेलं माणूस अर्ध्यातून कोणत्या तोंडाने परतणार? निदान शिमग्याला तरी जाऊन येऊ, एवढ्यावर मी हिवाळा काढला.

शिमग्याला आमच्याकडे कुणी बाहेर राहत नाही. भट्टीवरचे, रेतीवरचे, ठाण्यात बिल्डिंगवर चढलेले, सगळे टेम्पोत उभे राहून येतात. मालक कितीही कातावला तरी या एका सणाला अडवत नाही. अडवून उपयोग नाही, हे त्यालाही ठाऊक असतं.

तिकिटापुरतं साठल्यावर मी मार्गदर्शक बाईंकडे रजा मागितली. त्या नाही म्हणाल्या नाहीत. गोड हसून म्हणाल्या, "निर्णय तुझा. पण प्रयोग मध्येच सोडलास तर वर्ष वाया जाईल." वर्ष गेलं की शिष्यवृत्ती गेली. सरळ नाही म्हणाल्या असत्या तर मी भांडले तरी असते. आता भांडायचं कुणाशी? माझ्याशीच? संताप संताप झाला नुसता. तिकीट काढलं नाही, आणि आयला तसं कळवलंही नाही.

होळीच्या दिवशी दुपारी मी कँटीनमध्ये होते. आयचा फोन आला. तिच्याकडे संध्याकाळ होती, मागे पोरांचा ओरडा चालला होता. भट्टीवरून ती कालच घरी पोचली होती आणि मी वाटेत असेन अशी तिची खात्री होती.

"कवा पोचशील?"

"नाय येत, आय. सोडत नाहीत."

ती बाबांना ऐकू जाऊ नये म्हणून घरामागे गेली आणि फोन तोंडाला लावून बोलली.

"मारतात का गं तिठं?"

"नाय गं."

"कोंडून ठेवतात रातचे?"

"नाय, आय."

"मंग?"

कामावर जायचंय, एवढं सांगून मी फोन ठेवला.