आत्याची मुद्दाम जुनी केलेली गिटार

आत्याने गिटार आणली त्या संध्याकाळी बाबा गॅरेजमधून नुकतेच आले होते, हातही धुतले नव्हते. आत्याने पेटी सोफ्यावर ठेवून उघडली आणि आम्ही सगळे वाकून बघायला लागलो. फिक्या हिरव्या रंगाची इलेक्ट्रिक गिटार होती. कडांचा रंग उडालेला, वाजवणाऱ्याचा हात टेकतो तिथे लाकूडच उघडं पडलेलं, स्क्रू गंजल्यासारखे आणि तारा पिळायच्या खुंट्या काळवंडलेल्या.

"अगं ठमे, तू नवीन घेणार होतीस ना?" बाबा म्हणाले. आत्या सत्तेचाळीस वर्षांची होती, पण मोठ्या भावासाठी ती ठमीच.

"नवीनच आहे, दादा. कारखान्यातून अशीच येते. खूप वर्षं वाजवलेली वाटावी म्हणून मुद्दाम घासतात, रंग उडवतात."

"मग पैसे कमी लावत असतील."

"छे. जास्त लावतात."

बाबा मटकन खुर्चीत बसले.

त्यांचंही चुकत नव्हतं. बाबा गाड्या रंगवायचे. दाराला, मडगार्डला पडलेले ओरखडे बुजवण्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलं होतं. त्यांनी हात फिरवलेल्या दारावर आधी काय झालं होतं ते गाडीच्या मालकालाही सापडायचं नाही. अशा माणसाच्या घरात त्याच्या सख्ख्या बहिणीने जास्तीचे पैसे मोजून ओरखडे आणले होते. पुढचा आठवडाभर ते एकच म्हणत होते, "एक दिवस माझ्याकडे दे. आरशासारखी करून देतो." आणि आत्या दर वेळी म्हणायची, "हात लावून बघ, हात मोडीन."

आत्या दातांच्या लॅबमध्ये कामाला होती. डॉक्टर साचा पाठवायचे आणि ही त्यावरून दात घडवायची. समोरचे दात हा तिचा हातखंडा. "पांढराशुभ्र दात कुणीही करील," ती सांगायची, "पण सत्तरीच्या माणसाच्या तोंडात बसवायचा, तर आधी त्या दाताला चहाची सवय लावावी लागते." मग ती बारीक कुंचल्याने त्याच्या मुळाशी पिवळट छटा द्यायची, टोकाशी केसाएवढी रेघ ओढायची आणि भट्टीत भाजायची. असा दात शेजारच्या दातांत असा मिसळून जायचा की खुद्द म्हातारबुवांना जिभेने शोधावा लागे. त्यामुळे नव्या वस्तूला जुनं रूप देण्यात तिला फसवणूक वाटत नव्हती. गिटार बघून ती कौतुकाने म्हणाली होती, "हे ज्याने केलंय तो माझ्याच धंद्यातला दिसतो."

घेण्याचं खरं कारण मात्र वेगळं होतं. गिटार ती चव्वेचाळिसाव्या वर्षी शिकायला लागली. पहिली गिटार काळी कुळकुळीत, चकचकीत. तिच्यावर बोटांचे ठसे उठायचे म्हणून आत्या वाजवायच्या आधी हात धुवायची, वाजवून झाल्यावर फडक्याने पुसायची आणि मधल्या वेळात ओल्या बाळंतिणीच्या मांडीवरून उचललेल्या बाळासारखी अंग चोरून धरायची. सूर कुठून लागणार? दुकानात ही हिरवी तिने सहज मांडीवर घेतली. दांड्याची पाठ आधीच घासून मऊ केलेली होती, कडा गोलसर होत्या, हात कुठेच अडकला नाही. जिला ओरखडा पडायचा राहिलाच नाही तिला काय जपायचं? तिथल्या तिथे तिने ती घेऊन टाकली.

पण रूप जुनं मिळालं तरी आतला माल बेताचाच निघाला. गिटार अँपला, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या डब्याला, जोडली की माशी घोंगावल्यासारखा आवाज यायचा. एखादं गाणं अर्ध्यावर येईतो तारा उतरायच्या. आत्याने तक्रार केली नाही. ती आमच्या वरच्याच मजल्यावर एकटी राहायची. तिच्या जेवणाच्या टेबलावर पंचा अंथरला गेला आणि गिटार उघडली गेली.

आधी तिने आतला पोकळ भाग तांब्याच्या पातळ पत्र्याने मढवला. घोंगावणं बरंच कमी झालं. मग दोन्ही पिकअप बदलले. तारांचा आवाज पकडून अँपकडे पाठवतात ते पिकअप. त्यातल्या एकाच्या वायरी उलट जोडल्या गेल्या आणि दोन्ही एकदम चालू केले की गिटार सर्दी झाल्यासारखी नाकात बोलायला लागली. आत्या खो खो हसली, पुन्हा सगळं उकललं, पुन्हा वायरींना सोल्डरचे डाग दिले. तारा ज्या पट्टीवरून खुंट्यांकडे जातात ती प्लास्टिकची होती. ती काढून आत्याने हाडाची पट्टी घडवली. लॅबमधलं दात कोरायचं यंत्र घेऊन तिने तारांच्या खाचा अशा कोरल्या की तार त्यात रुतायची नाही आणि हलायचीही नाही. शिकवायला कुणी नव्हतं. चुकायचं, उकलायचं, परत करायचं. तिच्याइतक्या शांतपणे चुकणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

शेवटी राहिल्या खुंट्या. नव्या, तार घट्ट धरून ठेवणाऱ्या खुंट्या आणल्या, पण त्यांना भोकं मोठी लागत होती. रविवारी दुपारी आम्ही जेवून आडवे झालो होतो आणि वरून ड्रिलचा आवाज येत होता. तो एकदम थांबला. थोड्या वेळाने आत्या जिना उतरून आली. तिच्या तळहातावर लाकडाची एक ढलपी होती आणि डोळे भरलेले होते.

"दादा, मी तिचं डोकं फोडलं."

आईने आणि मी बाबांकडे पाहिलं. बोलायची याहून चांगली संधी त्यांना कधी मिळणार नव्हती. बाबा उठले, चष्मा लावला आणि ढलपी हातात घेऊन म्हणाले, "बाकीचे तुकडे झाडून टाकले नाहीस ना? चल."

गिटारीच्या शेंड्यावर अंगठ्याएवढा भाग उडाला होता. बाबांनी तुकडे चिकटवले, फट भरली आणि रंग जुळवायला घेतला. लाकडावरचं वॉर्निश जुन्या मधासारखं पिवळं होतं. तो पिवळा मिळेपर्यंत त्यांनी पुठ्ठ्याचे किती तुकडे रंगवले देव जाणे. पुढच्या रविवारी त्यांनी गिटार वर आणली. जखम दिसत नव्हती. पण तेवढाच तुकडा लखलखत होता.

बाबा स्वतःच वैतागले. "म्हातारीच्या कपाळाला तान्ह्या बाळाची कातडी लावल्यासारखं दिसतंय."

"मग कर की जुनं," आत्या म्हणाली आणि दात घासून गुळगुळीत करायची पूड पुढे सरकवली.

चमक उतरली. आता ओरखडे हवे होते. बाबांनी खिळा घेतला, टेकवला आणि तसेच थांबले. "होत नाही गं. हात ऐकत नाही माझा. इतकी वर्षं बुजवलेत, आता पाडू कसे?"

"दे, मी पाडते."

"थांब." त्यांनी गिटार उजेडात धरली आणि पहिल्यांदाच ती शेंड्यापासून बुडापर्यंत नीट बघितली. "हे बघ, हातापाशी लाकूड उघडं केलंय ते बरोबर आहे. हात तिथेच घासणार. पण मागचा हा ओरखडा खोटा आहे. इथे काही लागूच शकत नाही. ओरखडा उगाच पडत नसतो, ठमे. कशाला तरी लागून पडतो. वाजवून झाली की गिटार कुठे ठेवतात?"

"भिंतीला टेकवून."

"आणि ती घसरते?"

"नेहमी."

बाबांनी गिटार भिंतीला टेकवली आणि हळूच घसरू दिली. शेंडा गिलाव्यावरून खरवडत खाली आला. आत्याने तोंडावर हात धरला. दोघांनी वाकून पाहिलं. तीन तिरप्या रेघा, कुणी कधी मुद्दाम काढणार नाही अशा. "अजून एकदा," आत्या म्हणाली. मग पन्नाशीच्या आसपासची ती दोन भावंडं एका महागाच्या गिटारीला भिंतीवरून घसरवत बसली आणि हसून हसून त्यांच्या पोटात दुखायला लागलं. नव्या खुंट्याही त्यांनीच काळवंडवल्या.

वर्षभराने आत्या एका हौशी बँडमध्ये वाजवायला लागली. गाणारा आमचा नेहमीचा औषधांचा दुकानदार. पोहण्याच्या तलावामागच्या हॉलमध्ये त्यांचा कार्यक्रम झाला. एका संथ गाण्यात आत्याने तार बोटाने वर ढकलली, सूर चढत गेला, थरथरला आणि सोडल्यावर जिथल्या तिथे परत येऊन बसला. शेजारी बसलेल्या बाबांनी माझा हात दाबला.

घरी येताना त्यांनी आत्याला विचारलं, "ती एक तार रडल्यासारखी वाजली, ते काय होतं गं?"

"तार खेचली की तसं होतं. खुंट्या बदलायच्या आधी ती परत जागेवर यायची नाही. बेसूर व्हायची."

"आता येते?"

"आता येते."

बाबांनी मान हलवली आणि तिच्या हातातली गिटारीची पेटी स्वतःकडे घेतली.

आत्या आता साठीला टेकली आहे. लॅब सोडली, गिटार नाही. इतकी वर्षं वाजवून दांड्यावरच्या पितळी पट्ट्या झिजल्या, त्याही तिने यंदा स्वतःच उपटून नव्या ठोकल्या. परवा मी वर गेले तर टेबलावर पुन्हा गिटार उघडून पसरलेली, कप ठेवायलाही जागा नव्हती. दोन पट्ट्या उंच बसल्या होत्या, तार खरखरत होती. मी चहा हातात घेऊन उभ्यानेच प्यायले. आत्या भिंग डोळ्याला लावून त्यातली एक पट्टी पक्कडीने अलगद उचलत होती.