दादांच्या खाटेपाशी

बॅटरीवाल्या बाई म्हणूनच गल्ली त्यांना ओळखायची. कंपन्यांनी हात टेकलेल्या जुन्यापान्या लॅपटॉपच्या बॅटऱ्या त्या उकलायच्या, मेलेले सेल काढून नवे बसवायच्या. "माणसाला दुसऱ्याची किडनी चालते, मग हिनंच काय घोडं मारलंय?" असं गिऱ्हाइकाला विचारायच्या.

त्यांच्या स्वतःच्या घरातला लॅपटॉप मात्र विटेसारखा जाडजूड आणि बॅटरी कधीच गेलेला. घशाच्या ऑपरेशनमध्ये नवऱ्याचा आवाज गेला, तेव्हापासून तो टाइप करायचा आणि लॅपटॉप बोलायचा. तो बोलका प्रोग्रॅम त्या एकाच यंत्रावर चालायचा, त्यामुळे नवऱ्याचं बोलणं भिंतीतल्या प्लगला बांधलेलं. भांडण रंगलं की बाई सरळ बटण बंद करायच्या. तो बिचारा खांदे हलवत हसायचा.

एक दिवस पुतणीचा फोन आला. नवऱ्याचे थोरले भाऊ, दादा, दवाखान्यात होते. दृष्टी गेलेली, आता फार दिवसांचे सोबती नव्हते. घराच्या वाटणीवरून दोघा भावांमधून विस्तव जात नव्हता. ऑपरेशनचंही दादांना कुणी कळवलं नव्हतं.

"मला जायचंय," लॅपटॉप बोलला. "पण तिथे मी मुका नको."

वॉर्डातले प्लग औषधांच्या यंत्रांनी अडवलेले असणार. बाईंनी दुकान बंद ठेवून बॅटरी उघडली. नवे सेल जोडले, तरी लॅपटॉप तिला ओळख देईना. आतल्या चिमुकल्या सर्किटनं ती मेली असं एकदा ठरवलं, ते ठरवलं. शेवटी भंगारातल्या तसल्याच बॅटरीचं सर्किट काढून लावलं, तेव्हा कुठे दिवा लागला. नवऱ्यानं टाइप केलं, "जिंकलीस गं!"

दवाखान्यात तो खाटेला टेकून बसला. लॅपटॉप बोलला, "दादा, मी आलोय."

"कोण?"

"धाकटा."

दादांनी मान फिरवली. "धाकट्याचा आवाज मला ठाऊक नाही होय? रेडिओ लावताय का माझ्यापुढे?"

नवऱ्यानं त्यांचा हात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला.

"दादा, हेच आहेत," बाई कळवळून म्हणाल्या. "घशाचं ऑपरेशन झालं यांच्या. आता यंत्रच बोलतं."

"तू पहिल्यापासून त्याचीच बाजू घेतेस. यायचं टाळलं ना त्यानं? सांग त्याला, दादा रागावलेला नाही म्हणावं. लवकर ये."

नवरा टाइप करत राहिला. लहानपणीची विहीर, दोघांनी मिळून खाल्लेला मार, एकच सायकल. दादा "कुणीतरी शिकवून पाठवलंय" म्हणत डोळे मिटून पडले. बॅटरी भरलेली होती, पण त्याचीच बोटं थांबली.

त्याच आठवड्यात दादा गेले. पुतणीनं बाईंना फोनवर रडत सांगितलं, "शेवटपर्यंत विचारत होते गं काकू, धाकटा आला का म्हणून."

बाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. नवरा लॅपटॉप मांडीवर घेऊन बसला होता.

"माझ्याबद्दल काही म्हणाला का दादा?" लॅपटॉपनं विचारलं.

"झोपेतच गेले म्हणे," बाई म्हणाल्या आणि त्याच्या शेजारी बसल्या. त्यानं लॅपटॉपचं झाकण मिटलं.