कागदावर कागदच

माझा काका चष्म्याच्या काचा घासतो. आठवडाभर यंत्रावर वाकून पाव नंबरासाठी जीव ओततो, पहाटे तासभर डोळे मिटून ध्यानाला बसतो आणि सुट्टीच्या दिवशी क्लबात छऱ्याच्या बंदुकीने कागदावर नेम धरतो. हे एकाच माणसाला कसं जमतं, याचा आमच्या घरात अजून निकाल लागलेला नाही.

ध्यान शिकवणाऱ्या निवृत्त नर्सबाईंना त्यात वावगं वाटलं नव्हतं. "कागदावर कागदच दिसतोय तोवर खुशाल मार," त्या म्हणाल्या होत्या. "माणूस दिसला की बंदूक खाली. दिसत असताना एकदा जरी चाप ओढलास, तर कायमची कपाटात." काकाने हे आम्हा सगळ्यांना ऐकवलं होतं.

क्लबातल्या नेमबाजीच्या अंतिम सामन्याच्या सकाळी बाबांनी, म्हणजे त्याच्या सख्ख्या मोठ्या भावाने, शेजाऱ्यांदेखत तोंड सोडलं. "दोन डोळे मिटून शांती, एक डोळा मिटून गोळीबार! ढोंगी आहेस तू, पक्का ढोंगी!"

काका अर्धा चहा टाकून उठला. भांडण करून अबोला धरणं बाबांच्या रक्तात नाही, त्यामुळे सामना बघायलाही तेच सगळ्यांच्या आधी हजर.

शेवटचा छर्रा उरला. समोरच्या स्पर्धकाचे संपले होते. काकाला नुसते आठ गुण लागले तरी चषक आमचा. घड्याळात दीड मिनिट.

काकाने बंदूक उचलली. श्वास घेतला, अर्धा सोडला, थांबला. बंदूक खाली. मला वाटलं, खांदा भरून आला असेल.

पुन्हा उचलली. पुन्हा खाली. आता त्याची मान लाल झाली होती. समोरच्या काळ्या ठिपक्यात त्याला कोण दिसतंय, ते माझ्या शेजारीच बसलं होतं.

"मार की रे!" बाबा दातओठ खात म्हणाले. "पंधरा सेकंद राहिले!"

काका वळला. बंदूक टेकवून बाबांच्या तोंडाकडे बघत राहिला. बाबांच्या चष्म्याची काडी तुटलेली, चिकटपट्टीने कशीबशी बांधलेली. कपाळ घामाने डबडबलेलं, ओठ कोरडे. सकाळचा तोरा कुठल्या कुठे.

"माझ्याकडे काय बघतोस? तिकडे बघ!"

काकाच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. तो वळला, बंदूक उचलली, गाल टेकवला. श्वास घेतला. अर्धा सोडतोय तोवर घंटा वाजली.

छर्रा नळीतच राहिला आणि चषक दुसऱ्यांच्या घरी गेला.

बाहेर पायऱ्यांवर बाबांना राहवेना. "हातातला चषक घालवलास! आता ती बंदूक भंगारात दे."

"का? शेवटी कागदावर कागदच दिसत होता, दादा. मलाच उशीर झाला," काका म्हणाला. मग त्याने हात पुढे केला. "चष्मा दे इकडे. महिनाभर असाच वापरतोयस ना? कान सोलून निघाला असेल."

बाबांनी इकडेतिकडे पाहिलं आणि चष्मा काढून दिला. मग त्यांना पायऱ्या दिसेनात, म्हणून काकाचाच दंड धरून उतरले.