बॉलवरचा ठिपका ईशान्येला

माझ्या थोरल्या भावाला, वरुणरावाला, म्हणजे आमच्या अण्णाला, जगातलं काहीही आहे तसं पसंत पडत नाही. सरकारी कचेरीत एकतीस वर्षं लोकांच्या घरांचे नकाशे मंजूर करत होता. आला तसा नकाशा पुढं गेला, असं एकदाही झालं नाही. न्हाणी इकडं घ्या, जिना तिकडं न्या. काहीच सापडलं नाही तर उत्तर दिशेचा बाण तरी लाल शाईनं जाड करायचा, मग सही. निवृत्त होऊन सात वर्षं झाली, लाल पेन अजून सदऱ्याच्या खिशात आहे. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत कुणी नवा मिक्सर आणला, तरी तो कुठल्या भिंतीला ठेवायचा ते सांगायला हा हजर. आणि लोक ऐकतात हो!

लोकांना कशाला नावं ठेवू? मी सुंदरी, तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. मी वर्गात शिरले की पोरं चिडीचूप. घरी मात्र अण्णानं घसा खाकरला की मीच चिडीचूप. माझा नवरा गेला तेव्हा माझी लेक नित्या तीन वर्षांची होती. अण्णा स्वतः आला, ट्रंक उचलली, आम्हा दोघींना घेऊन गेला. नित्याचे कान टोचले ते त्याच्याच मांडीवर. तिच्या फिया, तिचं कॉलेज, सगळं त्यानं केलं. म्हणून त्याच्यापुढं तोंड उघडायची सोयच राहिली नाही.

नित्या जन्माची डावखुरी. अण्णाला ते कसं चालावं? जेवायला बसली की स्वतःचा रुमाल द्यायचा आणि मला म्हणायचा, ‘बांध.’ डावा हात पाठीशी, वर गाठ. सहा महिन्यांत पोर उजव्या हातानं जेवायला लागली, लिहायला लागली. अण्णा पाहुण्यांना सांगायचा, ‘बघा, सुटली की नाही सवय?’ सुटते कसली! चेन्नईला नोकरीला गेली आणि पहिल्याच महिन्यात बॉलिंग शिकली, डाव्या हातानं. जड बॉल लांबलचक पट्टीवरून सोडायचा आणि टोकाला उभ्या दहा सोंगट्या पाडायच्या, तो खेळ. तिनं व्हिडिओ पाठवला तो मला एकटीला. खाली लिहिलं होतं, ‘अम्मा, मामाला दाखवू नको.’ नाही दाखवला.

यंदा राज्याच्या संघासाठी निवड होती. भाड्याचे बॉल घेऊन तिथं निभाव लागत नाही, स्वतःचा लागतो. अण्णाला निवडीचं तेवढं कळलं आणि छाती फुगली. मामाचं सीर म्हणून बॉल मीच देणार! तमिळ लोकांत राहून इतकी वर्षं झाली, मामानं भाचीला द्यायचं ते सीर आमच्याही हाडीमाशी मुरलंय. त्यानं नित्याच्या ओळखीतून चेन्नईच्या दुकानात बॉल सांगितला. तिथं भोकं पाडणारा कारागीर गणेशकुमार. त्याला हुकूम सुटला, की भोकं पाडायच्या आधी बॉल घरी आला पाहिजे, देवापुढं ठेवायचा आहे.

आला. बसच्या पार्सलनं, गुळगुळीत निळा, सात किलोचा गोळा. भोक एकही नाही, वर फक्त एक पिवळा ठिपका. देवघरात घरंगळू नये म्हणून मी पाण्याच्या घागरीखालची चुंबळ काढून दिली. त्यावर बॉल बसला, हळदकुंकू लागलं, जाईचा गजरा चढला. शेजारच्या साईप्रियानं तर बाहेरूनच हात जोडले. तिला वाटलं, आम्ही नवा देव आणला.

बॉलबरोबर गणेशकुमारचा कागद होता, त्यावर तीन आराखडे. नित्या रविवारी आली तेव्हा तिनं समजावून सांगितलं. बॉलच्या पोटात जड गाभा असतो, आपल्या मान डोलावणाऱ्या, पाडली तरी उभी राहणाऱ्या तलैयाट्टी बाहुलीच्या बुडाशी असतं तसं वजन. गाभ्याचं डोकं कुठं आहे ते ठिपका सांगतो. खेळणाऱ्याच्या हातून सुटला की बॉल एका आसाभोवती फिरतो, आणि प्रत्येकाचा आस वेगळा. त्या आसाच्या टोकापासून ठिपका किती लांब आणि कुठल्या कोनात ठेवायचा, त्यावरून भोकांची जागा ठरते. पहिल्या आराखड्यानं बॉल लवकर वळतो, तिसऱ्यानं शेवटपर्यंत सरळ जाऊन एकदम वळतो, दुसरा मधला.

‘मला दुसरा पाहिजे, मामा,’ नित्या म्हणाली.

‘ते मी बघतो,’ अण्णा म्हणाला आणि चष्मा पुसला.

दोन तास बघितलं. अंगठ्याचं भोक म्हणजे दरवाजा, त्याचं तोंड पूर्वेला. ठिपका म्हणजे विहीर, ती ईशान्येला पाहिजे. अहो, गडगडत जाणाऱ्या गोळ्याला कसली ईशान्य? शेवटी निवडला दुसराच आराखडा, पण तो तसाच पुढं गेला तर वरुणराव कसला! लाल पेननं ठिपका अर्धा इंच सरकवला, खाली सही ठोकली. मग नित्याला पाटावर बसवलं, तिच्या तळहाताला कुंकू लावलं आणि मापासाठी त्याच कागदावर ठसा घेतला. उजव्या हाताचा. शकुनाच्या वस्तूला डावा हात लागतो का कुठं?

नित्यानं माझ्याकडं बघितलं. मी गजरा सारखा करत होते. देवापुढच्या बॉलवरचा गजरा चांगला सारखाच होता, तरी मी तो सारखा करत होते. एवढं गणित शिकवलं, आरशातली आकृती कशी उलटते ते फळ्यावर हजारदा काढून दाखवलं. उजव्या हाताचा आराखडा डाव्या हातात दिला तर बोटं बसत नाहीत आणि बॉल भलतीकडंच वळतो, एवढं मला कळत नव्हतं का? कळत होतं. तोंड उघडलं नाही. माझा मलाच संताप आला, आणि तोही गजऱ्यावर काढला.

पोर शहाणी निघाली. बॉल आणि सहीचा कागद घेऊन चेन्नईला परतली, दुकानात गेली, गणेशकुमारला डाव्या हाताचं माप दिलं आणि मला फोनवर म्हणाली, ‘झालं, अम्मा. तू काही बोलू नको.’ मी सुटकेचा श्वास सोडला. न बोलण्यात आमचा हात कोण धरणार?

गुरुवारी दुपारी मी कॉफी करत होते. अण्णा ओसरीवर झोपाळ्यावर होता. तिथूनच ओरडून सांगायला लागला.

‘तो गणेशकुमार काल विचारत होता, मुलगी डावखुरी आहे का म्हणून! मी झाडला त्याला. म्हटलं, ती थट्टा करते. आमच्या घरात डावखुरं कुणी नाही. माझी सही आहे त्या कागदाप्रमाणं कर.’

मी गॅस बारीक केला. नित्याला फोन लावला, बंद. ऑफिसात कसलीशी परीक्षा होती, संध्याकाळपर्यंत फोन बंदच राहणार होता. रविवारी निवड. चुकलेली भोकं बुजवून नवी पाडता येतात म्हणे, पण त्याला दिवस लागतात, आणि ते आता कुठून आणायचे?

कॉफी ओतून बाहेर आले तोच माझा फोन वाजला. गणेशकुमार. नित्यानं माझा नंबर देऊन ठेवला होता.

‘अम्मा,’ तो तमिळमध्ये म्हणाला, ‘सर एक सांगतात, मुलगी एक सांगते. तिचा फोन लागत नाही. बॉल मशीनवर चढवलाय आणि मला आजच गावाला जायचंय. ऑर्डर सरांच्या नावावर आहे. तुम्ही सांगा, उजवा का डावा?’

अण्णा माझ्याकडं बघत होता. फोनमधलं त्याला सगळं ऐकू गेलं होतं, गणेशकुमार बोलतोच तसा मोठ्यानं.

‘सांग ना त्याला,’ अण्णा म्हणाला. घसाही खाकरला.

‘डावा,’ मी म्हणाले. आवाज चिरकला म्हणून पुन्हा म्हणाले. ‘डावा हात. मी तिची आई बोलतेय. तिनं दिलेल्या मापानं कर, आणि लाल शाईकडं बघूसुद्धा नको.’

‘सरी, अम्मा, तसंच करतो,’ तो म्हणाला आणि फोन कुठंतरी ठेवल्याचा आवाज आला. बंद करायला विसरला बहुतेक.

झोपाळा थांबला. मी कॉफीचा टंबलर पुढं केला. उजव्या हातात फोन होता, म्हणून डाव्या हातानं. अण्णानं माझ्या हाताकडं बघितलं, टंबलर घेतला नाही. मीही हात मागं घेतला नाही.

‘ठिपका तरी ईशान्येला राहील ना?’ तो म्हणाला.

‘डाव्या हाताला ईशान्येची वायव्य होते, अण्णा. आरसा धरून बघ.’

अण्णानं चष्मा काढला. मग हळूच विचारलं, ‘तिची सवय सुटली नाही, हे तुला कधीपासून माहीत होतं?’

‘रुमाल तुझा होता, अण्णा. गाठ मी मारत होते. सोडायचेही मीच. सोडला की पहिल्यांदा तोच हात माझ्या गळ्यात पडायचा.’

फोनमधून मशीन सुरू झाल्याची घरघर आली. अण्णानं टंबलर घेतला, प्यायला मात्र नाही, तसाच हातात धरून बसला. मी फोन आमच्या दोघांच्या मध्ये झोपाळ्यावर ठेवला. तिसरं, शेवटचं भोक पडून मशीन थांबेपर्यंत आम्ही दोघं तिथंच ऐकत बसलो.