पेवात कुठला वारा

माझ्या चुलतभावाचं चांगलं झालं की माझ्या पोटात दुखतं. आता साठी उलटली, दोघांचे केस पांढरे झाले, तरी दुखतं. लपवून काय करता? तो माझ्यापेक्षा चार महिन्यांनी मोठा, दहावी नापास. मी तेव्हा कॉलेजात. तरी माझी सख्खी माय मला वाढताना म्हणायची, "त्याच्यासारखं जरा कामाला हात लाव की." तोंडातला घास कडू व्हायचा. बैल त्याचं ऐकायचे, म्हातारी माणसं त्याला विचारून पेरायची, आणि मला विचारायची काय, तर "साहेब, सुट्टी कधी संपायलीय?"

सुट्टी कसली डोंबलाची! विद्यापीठाच्या नामांतरावरून सगळीकडं तापलेलं, कॉलेजं बंद, म्हणून मी महिनाभर गावात येऊन पडलो होतो. राणीसावरगावच्या पलीकडं, मुरमाड टेकाडावर आमचं गाव.

त्याच दिवसांत पूर्णेहून पाहुणे आले. रेल्वेत नोकरी करणारा माणूस, मुलीसाठी मुलगा बघायला. कुणाला बघायला? त्याला! घरात बी.ए.ला असलेला मी बसलोय, आणि हा माणूस दहावी नापासाला पोरगी द्यायला एवढ्या लांबून आलाय. अंगाचा नुसता तिळपापड झाला. त्यात ती मुलगी मी पाहिलेली होती. गंगाखेडच्या एका लग्नात तिनं माझ्या पत्रावळीवर दोनदा बुंदी वाढली होती. त्या दुसऱ्या बुंदीचे मी काय काय अर्थ काढले होते ते आता सांगत नाही, लाज वाटते.

माझ्या चुलत्यांना, म्हणजे त्याच्या वडिलांना, पाहुण्यांना घरचा दाणा दाखवायची भारी हौस. आमच्याकडं तेव्हा ज्वारी जमिनीतल्या पेवात ठेवत. पेव असतं घागरीसारखं, तोंड अरुंद आणि पोट मोठं. वर दगड, दगडावर माती. महिनोन्‌महिने बंद राहिलं की आत वाईट हवा कोंडते, माणूस मरतो. म्हणून पेव उघडलं की एक दिवस तसंच ठेवायचं, मग पेटता कंदील दोराला बांधून खाली सोडायचा. जळत राहिला तर उतरायचं, विझला तर नाही. गावातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक. पण पाहुण्यांना दुपारची गाडी गाठायची होती. चुलते म्हणाले, "काढा दगड आत्ताच."

पंचवीस-तीस माणसं जमली. दगड सरकला तशी आतून आंबूस, गरम वाफ आली. भावानं कंदील सोडला. पुरुषभर खाली गेला आणि विझला.

मग गर्दीतून एक जण म्हणाला, "वाऱ्यानं विझला असंल."

"हां, वाऱ्यानंच," दुसरा म्हणाला.

"सकाळधरनं वारं सुटलंयच की," तिसरा.

आता पेवात कुठला वारा? मला माहीत होतं, बोलणाऱ्यांनाही माहीत होतं. पण तिघं एका सुरात बोलले आणि खरं सांगतो, माझ्या गालाला वारं लागायला लागलं. आपलं डोकं आपलं आहे असं आपण समजतो, पण चार माणसं भोवती उभी राहिली की ते कुणाच्या बाजूनं चालतं ते सांगता येत नाही. एकटा असतो तर दगड जागच्या जागी ठेवून घरी गेलो असतो.

भावानं कंदील वर ओढला, पेटवला, पुन्हा सोडला. पुन्हा विझला.

"मी उतरत न्हाई," तो म्हणाला. "उद्या बघू."

कुणीतरी फिसकन हसलं. "पाव्हण्यासमोर भ्यालं की गडी!"

चुलत्यांचं तोंड उतरलं. "माझी इज्जत घालवायलास का रे?" ते दात-ओठ खात म्हणाले. भाऊ मान खाली घालून उभा राहिला. मग मान वर करून त्यानं सरळ माझ्याकडं बघितलं. बघतच राहिला.

काय आनंद झाला म्हणून सांगू! मनात उकळ्या फुटायला लागल्या. हरला लेकाचा! एवढ्या वर्षांत पहिल्यांदा हरला, तेही तिच्या बापासमोर.

"सरका," मी म्हणालो. "मी उतरतो."

"शाब्बास! शिकलेला असून बघा," मागून आवाज आला. भीती वाटत होती, नाही असं नाही. पण सगळे आता माझ्याकडं बघायलेत, ही गोष्ट त्या भीतीपेक्षा मोठी होती. पँट गुडघ्यापर्यंत दुमडली.

"कंबरेला दोर तरी बांध," भाऊ म्हणाला.

"तू बांगड्या भर," मी म्हणालो. लोक हसले, आणि ते हसणं मला लय गोड लागलं. हातावर भार टाकून खाली लोंबकळलो, ज्वारीवर पाय टेकले. दुसरा श्वास घेतल्याचं आठवतं. तिसरा आठवत नाही.

डोळे उघडले तेव्हा वर आभाळ होतं. अंग भिजलेलं, माय छाती पिटून रडायलेली, आणि शेजारी भाऊ गुडघ्यावर बसून खोकत होता. कंबरेला दोर बांधून, छातीभर श्वास कोंडून तो उतरला होता. "वीस मोजा आणि काय बी झालं तरी ओढा," असं सांगून. मला कवेत धरूनच तो वर आला म्हणे. आणि हे ऐकून माझ्या मनात पहिलं काय आलं असेल? उपकार? छे! मनात आलं, बघा, हाही मान यालाच. जीव वाचवला म्हणून मला त्याचा राग आला. असा मी.

पाहुण्यांची गाडी चुकली. मला ओसरीवर बाजेवर निजवलं होतं, तिथंच शेजारी ते चहा प्यायला बसले. म्हणाले, "पोरगी दिली तुमच्या घरात."

"पोरानं आज जीव वाचवला," चुलते छाती फुगवून म्हणाले.

"ते चांगलंच केलं. पण माझं ठरलं होतं त्याच्या आधी. आमच्या रेल्वेत दिव्यानं थांब म्हटलं की थांबावं लागतं, मागं किती का माणसं ओरडंनात. तुमचा पोरगा थांबला."

माझ्याकडं त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. मी घोंगडी तोंडावर ओढून घेतली.

ती वहिनी होऊन आली. सणाला बुंदी केली की मला दोनदा वाढते. सगळ्यांनाच दोनदा वाढते, हे पहिल्याच सणाला कळलं.

गेल्या साली आम्ही ते पेव मुरूम टाकून बुजवलं. काम झाल्यावर दोघं तिथंच टेकलो होतो. इतकी वर्षं घशात अडकलेलं शेवटी मी विचारलं. कारण खरी जळजळ ना त्या मुलीची होती, ना त्याला मिळालेल्या मानाची. "तेवढ्या माणसांपुढं, बापापुढं, पाहुण्यापुढं न्हाई म्हणायचं धाडस तुला आलं कुठून रे?"

"कुठलं धाडस?" तो हसला. "अजून एक जण बोलला असता तर उतरलोच असतो मी. म्हणून तर तुझ्याकडं बघत होतो. वाटलं, हा शिकलेला हाय, हा तरी म्हणंल की पेवात कुठला वारा."

मग गुडघ्यावर हात ठेवून तो उठला आणि बैलांना पाणी दाखवायला गेला. मी तिथंच बसून राहिलो.